भिंतीखालचा ठेवा

आईच्या हक्कांविषयीची हदीस आपल्याकडे लहानथोरांना ठाऊक आहे. एका व्यक्तीने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की माझ्या सद्वर्तनावर सर्वाधिक हक्क कोणाचा आहे. तीन वेळा उत्तर मिळाले ते आईचे, आणि चौथ्या वेळी पित्याचे. जुमाच्या भाषणात या हदीसवर बोलणारा वक्ता बहुधा पहिल्या तीन उत्तरांतच रमतो. त्यात गैर काही नाही. गर्भाचे ओझे, एकामागून एक येणारी दुर्बलता, दूध तोडेपर्यंतची दोन वर्षे, हे सारे कष्ट पवित्र कुरआनने सूरह लुकमानमध्ये स्वतः सांगितले आहेत. परंतु चौथ्या उत्तराची पाळी येईपर्यंत नमाजची वेळ झालेली असते, आणि पित्याचा विषय पुढच्या जुमावर जातो. तो पुढचा जुमा सहसा येत नाही.

पित्याच्या कष्टांचे असे वर्णन कुरआनात आढळत नाही. तेथे पित्याचा उल्लेख येतो तो जबाबदारीच्या रूपाने. सूरह बकरामध्ये दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राचा भार रीतीप्रमाणे पित्यावर टाकला आहे. म्हणजे एकीचे कष्ट सांगितले गेले आणि दुसऱ्याला काम सांगितले गेले. ज्याला काम सांगितले जाते त्याचे कौतुक करण्याची पद्धत जगात कोठेच फारशी नाही. कर्तव्य पार पडले की लोक त्याला गृहीत धरतात आणि चुकले तर बोट दाखवतात. आपल्या घरांतील बहुतेक वडिलांचे आयुष्य या दोहोंच्या मध्ये संपते.

तरीही पिता सहजासहजी पुसला जात नाही. महाराष्ट्रात तर तो आपल्या नावाच्या मधोमध बसलेला असतो. शाळेचा दाखला असो, सातबारा असो, निकाहनामा असो, आपले नाव लिहायचे म्हणजे वडिलांचे नाव लिहावेच लागते. ही रीत हिंदू-मुस्लिम दोघांनीही सारखीच पाळली आहे. (१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आता शासनाने आईचे नावही अनिवार्य केले आहे, आणि वरील हदीस मानणाऱ्यांना त्यात तक्रारीचे कारण नसावे.) कुरआननेही सूरह अहजाबमध्ये दत्तक मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारण्याची आज्ञा दिली आहे आणि तेच अल्लाहजवळ अधिक न्यायाचे असल्याचे सांगितले आहे. सांभाळणारा कितीही प्रेमळ असो, जन्मदात्याचे नाव मुलापासून हिरावून घेता येत नाही.

नावापलीकडे पिता मुलाजवळ काय ठेवून जातो? जमीन, घर, व्यवसाय, चेहरामोहरा, स्वभावातील राग किंवा संयम, ही उत्तरे सर्वांना सुचतात. ती खोटी नाहीत. पण त्या उत्तरांची परीक्षा घ्यायची असेल तर अशा मुलाचे उदाहरण घ्यावे लागेल ज्याला पित्याचा सहवास मिळालाच नाही. जेथे संस्कार करायला पिता हजर नव्हता, तेथेही त्याचा प्रभाव दिसतो काय?

सूरह कहफमध्ये ह. मूसा (अ.) आणि अल्लाहचा एक ज्ञानी दास, ज्यांना हदीसमध्ये ह. खिज्र म्हटले आहे, यांच्या प्रवासाची कथा आली आहे. ते दोघे एका गावात पोहोचतात. भूक लागलेली असते. गावकऱ्यांकडे जेवण मागतात आणि गावकरी पाहुणचार नाकारतात. त्याच गावात एक भिंत कोसळण्याच्या बेतात असते. ह. खिज्र ती भिंत नीट उभी करून देतात, तीही मोबदला न घेता. ह. मूसा (अ.) यांना आश्चर्य वाटते. किमान मजुरी तरी घ्यायची होती, असे ते सुचवतात. पुढे उलगडा होतो. ती भिंत गावातील दोन अनाथ मुलांची होती. तिच्याखाली त्यांच्यासाठी ठेवा पुरलेला होता. त्यांचा पिता सदाचारी होता, आणि म्हणून ती मुले वयात येऊन स्वतः तो ठेवा काढून घेईपर्यंत तो झाकलेला राहावा अशी पालनकर्त्याची इच्छा होती.

या कथेतील पित्याविषयी आपल्याला एवढेच कळते. त्याचे नाव नाही, त्याने मुलांना काय शिकवले त्याचा उल्लेख नाही. काही भाष्यकारांनी तर तो जवळचा पिता नसून कित्येक पिढ्यांपूर्वीचा पूर्वज असावा असेही नोंदवले आहे. त्याची नेकी मुलांपर्यंत ज्या मार्गाने पोहोचली तो विचार करण्यासारखा आहे. ती मुलांच्या अंगी उतरली असे येथे म्हटलेले नाही. ती पोहोचली दोन परक्या प्रवाशांच्या हातांनी, आणि तीही अशा गावात जेथे कोणी कोणाला भाकरी द्यायला तयार नव्हते. मराठीत आपण वाडवडिलांची पुण्याई म्हणतो तेव्हा बहुधा याच गोष्टीकडे बोट दाखवत असतो. एखाद्या मुलाचे काम अडले असता अनोळखी माणूस पुढे होतो आणि म्हणतो, तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, राजगुरुनगरहून पूर्वेला गेले की पाबळ लागते. कमी पावसाचे, कोरडवाहू शेतीचे गाव. तेथे मस्तानीची कबर आहे. कोणी तिला समाधी म्हणतात, कोणी मजार. येथे येणारे बहुतेक लोक एका प्रेमकथेची आठवण घेऊन येतात, आणि चित्रपटांनी ती आठवण अधिक रंगवली आहे. मला मात्र या गावाच्या निमित्ताने आठवते ते एक लहान मूल.

बाजीराव पेशवे आणि मस्तानी यांचा हा मुलगा १७३४ साली जन्मला. त्याचे एक नाव कृष्णराव होते. त्याची मुंज व्हावी अशी पित्याची इच्छा असल्याचे सांगितले जाते. ब्रह्मवृंदाने नकार दिला, आणि तो वाढला शमशेर बहादूर या नावाने, आईच्या धर्मात. १७४० सालच्या प्रारंभी बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले, आणि त्यात घरच्याच माणसांचा, बाजीरावांचे थोरले पुत्र नानासाहेब यांचाही, हात होता. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मस्तानीही गेली. सहा वर्षांचे ते मूल आईबापांविना उरले, तेही अशा घराच्या आधाराने ज्या घराने त्याच्या आईला स्वीकारले नव्हते.

त्या काळाच्या चालीप्रमाणे पाहिले तर पुढे काय घडायला हवे होते? अशी मुले इतिहासात नाहीशी होतात. कोठेतरी दूरच्या गावी पोटापुरती जमीन देऊन त्यांना विसरले जाते. येथे तसे घडले नाही. शमशेर बहादूर पेशव्यांच्याच कुटुंबात वाढला. त्याला लष्करी शिक्षण मिळाले, सरदारकी मिळाली, आणि बुंदेलखंडाच्या मुलखात जहागीर मिळाली. हे सारे झाले त्याच नानासाहेबांच्या पेशवाईत. त्यामागे राजकीय हिशेब असतील. बुंदेलखंडातील हक्क टिकवायला छत्रसालांचा नातू उपयोगी पडणारा होता. पण केवळ हिशेबाने इतके होत नाही. बाजीरावांच्या रक्ताचा मुलगा आहे, ही एक गोष्ट त्या घरातील रागापेक्षा जड ठरली, असे मला वाटते.

तो बुंदेलखंडचा हक्कही एका पित्याकडूनच आलेला होता. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून सोडवल्याबद्दल वृद्ध महाराजा छत्रसाल यांनी बाजीरावांना पुत्रासमान मानून आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा दिला. मस्तानी त्यांची कन्या. एका बापाने कृतज्ञतेने जावयाला जे दिले, ते पुढे नातवाच्या आणि पणतवाच्या पायाखालची जमीन झाले.

बाजीराव मुस्लिम नव्हते, आणि कुरआनातील त्या सदाचारी पित्याशी त्यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. मी फक्त एवढेच पाहतो की पिता निघून गेल्यावर त्याच्या नावाचे वजन काम करू लागते, आणि ते कधी कधी विरोधकांच्याही हातून काम करवून घेते.

शमशेर बहादूर १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने, अहमदशाह अब्दालीविरुद्ध लढले. जखमी अवस्थेत ते राजा सूरजमल जाटाच्या मुलखात पोहोचले आणि तेथेच वारले. वय सत्तावीसच्या आत. आईचा धर्म त्यांनी पाळला आणि बापाचा घोडा चालवला. त्यांच्या काळात या दोन गोष्टींत कोणाला विसंगती वाटली नाही, आज वाटते, हा आजच्या काळाचा दोष आहे. त्याच रणांगणावर नानासाहेबांचा कोवळा मुलगा विश्वासराव पडला, आणि काही महिन्यांतच त्या दुःखात नानासाहेबही गेले. एकाच दिवसाने एका बापाकडून मुलगा नेला आणि एका मुलाकडून बाप. कारण शमशेर बहादूर यांच्या मागे अली बहादूर नावाचे लहान मूल होते. पुन्हा तेच घडले. पुन्हा पुण्याच्याच घराने ते मूल सांभाळले. मोठेपणी अली बहादूर बुंदेलखंडात गेले, बांद्याच्या नवाबीचा पाया घातला आणि १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे वंशज दुसरे अली बहादूर १८५७ च्या लढ्यात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि बांदा गमावून बसले. दोन पिढ्या लागोपाठ पोरक्या झाल्या, तरी धागा तुटला नाही.

येथे कोणी म्हणेल की मग पित्याने चांगले असले म्हणजे झाले, मुले आपोआप मार्गी लागतील. कुरआन ही समजूत टिकू देत नाही. ह. नूह (अ.) हे प्रेषित होते. त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी चढत होते आणि ते मुलाला नौकेत येण्यासाठी हाका मारत होते. मुलगा म्हणाला की मी डोंगरावर आसरा घेईन. लाट मध्ये आली. पित्याने अल्लाहकडे मुलासाठी याचना केली तेव्हा उत्तर मिळाले की तो तुझ्या कुटुंबातील नाही, त्याचे आचरण अनुचित आहे. ज्या पित्याने शतकानुशतके लोकांना बोलावले, त्याला आपल्या मुलाला चार पावले चालवता आले नाही. सूरह हूदचा हा प्रसंग वाचताना अशा अनेक पित्यांची आठवण येते ज्यांची मुले व्यसनात गेली किंवा घर सोडून गेली, आणि ज्यांच्याकडे सारा मोहल्ला संशयाने पाहतो. त्यांना दोष देण्याआधी ही सूरह पुन्हा उघडावी.

एका पित्याची नेकी परक्यांच्या हातून मुलांपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्याची हाक समोरच्या मुलापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात आहेत. पित्याचा प्रभाव हा हुकूम नव्हे, हे यातून कळते. तो पेरलेल्या बियाण्यासारखाही नाही, कारण बियाण्याला निदान जमिनीची जात ठाऊक असते. माझ्या मते तो ठेव्यासारखा आहे. ठेवणाऱ्याने ठेवला, भिंत दुसऱ्याने सावरली, आणि काढून घ्यायचा की नाही हे मुलाच्या हाती. नूह (अ.) यांच्या मुलाने आपला ठेवा नाकारला. त्यामुळे ठेवणाऱ्याची नेकी कमी झाली नाही.

पाबळच्या एका बाजूला रांजणगाव आहे आणि दुसऱ्या बाजूला चाकण. दोन्हीकडे औद्योगिक वसाहती. या पट्ट्यातील कितीतरी घरांत आज वडील पाळीवर जातात. पहाटेची पाळी असली तर मुले झोपेत असताना ते निघतात. रात्रपाळी असली तर मुले शाळेत असताना झोपतात. रविवारी भेट होते तीही मोबाईलच्या दोन पडद्यांआडून. पूर्वी शेतकऱ्याचा मुलगा बापाच्या मागे तासात चालत असे, लोहाराचा मुलगा भाता ओढत असे, आणि बोलणे न होताच बरेच काही होऊन जाई. ह. इब्राहीम (अ.) आणि ह. इस्माईल (अ.) यांनी मिळून काबागृहाच्या भिंती उभारल्या, आणि दगड रचता रचता दोघे मिळून प्रार्थना करत होते, असे कुरआन सांगते. बाप-लेकाचे ते काम आणि ती दुआ वेगळी करता येत नाही. खुद्द बाजीराव तरुणपणी पित्याबरोबर, बाळाजी विश्वनाथांबरोबर, दिल्लीच्या स्वारीत होते. वडील गेले तेव्हा ते विशीतही नव्हते, पण सोबत चालून झालेले होते. पाबळमध्येच १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकण्याची पद्धत रुजवली. मुलांनी सुतारकाम, वेल्डिंग, शेती करत करत शास्त्र शिकावे असा त्यांचा आग्रह होता. बापाच्या हाताखाली जे शिक्षण होत असे, त्यासाठी आता संस्था उभाराव्या लागतात. त्या उभ्या राहतात हे चांगलेच आहे.

पाळीवर जाणाऱ्या त्या पित्याला मात्र आपण अनुपस्थित म्हणू नये. ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत आजारी पडले तेव्हा त्यांना आपली बहुतेक संपत्ती दान करायची होती. प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशाहून अधिकाला परवानगी दिली नाही, आणि तेही पुष्कळ असल्याचे म्हटले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडून जाणे बरे, असे त्यांनी समजावले. म्हणजे मुलाच्या फीसाठी केलेला जादा वेळ हाही इबादतीपासून दूर नाही. पण हीच हदीस ढाल करून घरात केवळ पैसे देणारे यंत्र होणाऱ्यांसाठी दुसरी हदीस आहे. प्रेषितांनी (स.) नातू ह. हसन (रजि.) यांचे चुंबन घेतले तेव्हा अकरा बिन हाबिस म्हणाले की मला दहा मुले आहेत, मी कोणाचेही चुंबन घेतले नाही. प्रेषितांनी त्यांच्याकडे पाहिले आणि जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, या आशयाचे उत्तर दिले. आपल्याकडे अकरा बिन हाबिस पुष्कळ आहेत. त्यांचे प्रेम कमी नसते. ते दाखवणे त्यांना पोक्तपणाला शोभत नाही असे वाटते, आणि मग त्यांच्या मयतीनंतर मुलांना शेजाऱ्यांकडून कळते की अब्बा आमच्याकडे तुमचे किती कौतुक करत असत.

भिंत सावरण्याचे काम उरलेल्यांचे आहे. सूरह निसामध्ये अल्लाहने एक विलक्षण आवाहन केले आहे. आपण स्वतः दुबळी मुले मागे सोडून गेलो असतो तर त्यांच्याविषयी किती भीती वाटली असती, याचा विचार करून लोकांनी अल्लाहचे भय बाळगावे. लगेच पुढे, अनाथांचा माल खाणारे आपल्या पोटात आग भरतात असा इशारा आहे. ज्यांनी हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचवला त्या प्रेषितांचे (स.) पिता अब्दुल्लाह त्यांच्या जन्मापूर्वीच वारले होते. आठव्या वर्षी आजोबाही गेले. नंतर चुलते अबू तालिब यांनी सांभाळले, ज्यांचे स्वतःचे घर मोठे आणि उत्पन्न बेताचे होते. आपल्या वस्त्यांत तरुण बाप अपघातात किंवा आजाराने जातो तेव्हा दफनाची तयारी तासाभरात होते, चाळीस दिवस ताटे येतात. एक्केचाळिसाव्या दिवशी मुलाच्या शाळेत कोण जाते, वडिलांच्या नावची जमीन किंवा दुकानाचा गाळा चुलत्यांच्या नावे होऊ नये म्हणून तलाठी कार्यालयात कोण बसते, ही भिंतीची कामे आहेत. त्यांत मजुरी नसते आणि पुष्कळदा गावही पाहुणचार करत नाही.

आणि मुलाने काय करावे? वडील हयात असतील तर गोष्ट सोपी आहे, म्हणजे कळायला सोपी. ह. इब्राहीम (अ.) यांचा पिता मूर्तिपूजक होता, मुलाला दगडांनी मारण्याची धमकी देत होता, तरी मुलाने प्रत्येक वाक्याच्या आरंभी त्याला मायेने बाबा म्हणून हाक मारली. मत सोडले नाही आणि अदबही सोडला नाही. ज्यांच्या वडिलांकडून अन्याय झाला असेल त्यांच्यासाठी यापलीकडे मी काही सुचवू शकत नाही.

वडील गेल्यानंतरचा मार्ग एका प्रवासात दिसतो. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) मक्केच्या वाटेवर होते. उंटावर बसून थकले की बदल म्हणून बसायला त्यांच्याबरोबर एक गाढव असे, आणि डोक्याला ते एक पागोटे बांधत. वाटेत एक ग्रामीण अरब भेटला. तो अमुकाचा मुलगाच ना, अशी खात्री करून त्यांनी ते गाढव त्याला बसायला दिले आणि डोक्यावरचे पागोटे काढून त्याच्या हाती ठेवले. सोबतचे लोक म्हणाले की हे लोक तर थोड्यातही संतुष्ट होतात, एवढे देण्याची काय गरज होती. त्यांनी सांगितले की याचा पिता माझ्या वडिलांचा मित्र होता, आणि वडिलांच्या स्नेह्यांशी नाते जोडून ठेवणे ही मोठी नेकी असल्याचे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे.

वडिलांच्या पश्चात त्यांचा मोबाईल बहुधा नातवाच्या हाती खेळायला जातो. त्यातील नंबर पुसण्यापूर्वी एका वहीत उतरवून घ्यावेत. त्यात कोणी जुन्या पाळीतला सोबती असेल, कोणी चहावाला, कोणी उसनवारी राहिलेला शेजारी, कोणी वेगळ्या धर्माचा शाळासोबती. ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा घेऊन जायला फार वेळ लागत नाही.